दिवाणखान्याचं उस्मानी छत: पंचवटीतल्या सुतार-रंगारी जोडीचं काम

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या घरात १२ बाय १४च्या दिवाणखान्याचं छत या जोडीकडून उस्मानी, म्हणजे जुन्या ऑटोमन तुर्की धाटणीचं करून घेतलं. काम अप्रतिम झालंय.

आधी एका इंटिरियरवाल्याने ‘टर्किश डिझाइन’ म्हणून छापील स्ट्रेच सीलिंग, म्हणजे ताणून बसवायचं प्लास्टिकचं छत, दाखवलं होतं. चकचकीत, पण सपाट. तुर्कस्तानात साफ्रानबोलू गावच्या जुन्या घरांत छताचं पहिलं काम सुताराचं असतं. फळ्यांवर बारीक पट्ट्या ठोकून तारे, चौकटी जुळवायच्या, मधोमध उठावदार पदक. त्या घरांत सामान थोडंच. भिंतीलगतच्या बैठकीवर बसायचं, तिथंच जेवायचं, रात्री भिंतीतल्या कपाटातून अंथरुणं काढायची. मग हौस सगळी छतावर, आणि पाहुण्यांच्या मोठ्या खोलीत तर विशेषच. आमच्या सुतारदादांनी सागाच्या पट्ट्यांचा तारा असा बसवलाय की सांधा शोधूनही सापडत नाही.

रंगाला मी दमास्कसचा नमुना दिला. ते शहरही तेव्हा उस्मानी राज्यातच होतं. तिथल्या घरातली १७०७ सालची एक खोली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, तिचे फोटो दाखवले. जिप्सम आणि सरसाच्या लगद्याने नक्षी उठवायची, काही भागावर कथलाचा वर्ख लावायचा, त्यावर पारदर्शक रंगीत रोगण. एवढं ऐकल्यावर रंगारीदादा म्हणाले, “ताई, म्हणजे आमचं मुकुटाचंच काम की!” ते एरवी गणपतीच्या मूर्ती रंगवतात.

आणि खरंच, हात तसाच बसलेला. कोनातून मेंदी काढावी तशी लगद्याची धार सोडत त्यांनी पानं, फुलं, फळांच्या परड्या उठवल्या. डाळिंबाच्या एका पानाची शीर केसाएवढी बारीक आहे, तिच्या दोन्ही अंगांना हिरवं रोगण आणि खाली कथील. दिवा लागला की पान आतून उजळतं. दिवाणावर टेकून वर बघत बसावं!

तक्रार एकच. आषाढात काम धरलं आणि लगदा वाळेचना. एका कोपऱ्यात तडा गेला. तो त्यांनी येऊन बुजवला, पैसे घेतले नाहीत, पण हे ‘पावसाळ्यात नको’ असं आधीच सांगायला हवं होतं. दिवाळीनंतर करा. सरसाचा वासही काही दिवस राहतो, घरात दम्याचं कुणी असेल तर विचार करा.

शेवटी ते जाड वॉर्निश मारायला निघाले होते, मी थांबवलं. दमास्कसच्या त्या खोलीचे रंग पुन्हा पुन्हा दिलेल्या वॉर्निशनेच काळवंडलेत. तुम्हीही हे ठणकावून सांगा.

लाकडासकट चौरस फुटाला साडेआठशे रुपये पडले. छापील छतापेक्षा बरेच जास्त आहेत, मला मात्र एकही रुपया जड वाटला नाही. गणपतीच्या तोंडावर रंगारीदादा मोकळे नसतात, तेव्हा तारीख लवकर ठरवून ठेवा.