जेईईचा कमी स्कोर भरावा की नाही? लातूरच्या एका फॉर्मच्या दुकानाचा अनुभव

लातूरच्या ट्यूशन एरियात एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर, अरुंद जिना चढून गेलं की ही खोली लागते. चार कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक स्कॅनर आणि काचेवर चिकटवलेला ‘सर्व ऑनलाइन फॉर्म’ हा कागद. याहून वेगळं नाव मी तिथं पाहिलं नाही. पोरं नुसतं ‘वरच्या दादाकडं’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

मी निलंगा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, माझ्या मोठ्या मुलीचा इंजिनिअरिंगचा कॅपचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म इथं भरला. तीन खेपा झाल्या आणि सगळे मिळून ४७० रुपये गेले. पाच महिने आम्हाला जे कुणी सांगितलं नव्हतं ते या माणसानं दहा मिनिटांत समजावलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी काय झालं होतं ते सांगते. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, मूळ अर्ज आम्ही तालुक्याच्या गावी एका दुकानात भरला होता. तिथं गर्दी होती. त्यानं कागदं घेतली, ‘दुपारी या’ म्हणाला, दुपारी प्रिंट हातात दिली, आम्ही पैसे दिले. अर्जावर मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा आणि पासवर्ड त्याच्या वहीत. रोज पोषण ट्रॅकरवर नोंदी करणारी मी, ओटीपी काय असतो हे मला चांगलं माहीत आहे, तरी तेव्हा लक्षात आलं नाही. १६ जूनला पीसीएमचा, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित गटाचा, निकाल लागला. गावातल्या बाकीच्या पोरांनी पाहिला आणि माझी लेक फोन घेऊन नुसती बसून. मृगाचा पाऊस झाला होता, दुकान बंद होतं, तो रानात पेरणीला. दोन दिवसांनी त्याच्याकडून पासवर्ड मिळाला. ते दोन दिवस ती धड जेवली नाही.

सीईटीला तिला ९१.४ पर्सेंटाइल आले होते. जेईई मेनला, म्हणजे देशपातळीच्या परीक्षेला, मात्र ७४. त्याच दुकानदारानं सांगितलं, “जेईईचे कमी हायेत, ते टाकूच नका, मेरिट खाली येतंय.” ह्यांनाही पटलं, मलाही पटलं. कमी मार्क कशाला दाखवायचे, असं आपल्याला वाटतंच. लेक म्हणत होती, “आई, दोन्ही याद्या वेगळ्या असतात.” आम्ही तिचं ऐकलं नाही, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे. अभ्यास तिनं केला, परीक्षा तिनं दिली आणि फॉर्मच्या वेळी तिलाच आम्ही गप्प बसवलं.

लातूरला जायचं ठरलं ते माझ्या बहिणीच्या आग्रहामुळं. तिच्या पोराचा फॉर्म दादाकडं झाला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहाटेची एस.टी. धरली. माझं अन् लेकीचं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण. सोयाबीनची पेरणी निम्म्यावर सोडून ते आले होते.

खोलीत गेल्यावर दादानं पहिला प्रश्न आम्हाला नाही, तिला विचारला, “अर्ज तुझा आहे ना? मग खुर्चीवर तू बस.” माऊस तिच्या हातात दिला. मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि दहावी-बारावीच्या मार्कशीट माझ्या हातात दिल्या. मी आकडा मोठ्यानं वाचायचा, तिनं टाइप करायचा आणि त्यानं मागं उभं राहून पडद्यावर बघायचं. नावातलं एकेक अक्षर आधारला, दहावीला आणि टीसीला जुळतंय का तेही असंच पाहिलं. मोबाइल नंबर माझा, ईमेल तिचा. पासवर्ड तिनं टाकताना हा माणूस चक्क खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. नंतर म्हणाला, “काकू, हे वहीत लिहून घरी ठेवा. मला सांगू नका.”

मग जेईईचा रकाना आला. ‘जेईई दिली आहे का?’ लेकीनं माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं. ह्यांनी सांगून टाकलं की आम्हाला ते भरायचं नाही.

दादानं हातातलं काम ठेवलं. मागं चार माणसं थांबली होती, तरी ठेवलं. एका कोऱ्या कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या. एकीवर लिहिलं ‘राज्य – सीईटी’, दुसरीवर ‘ऑल इंडिया – जेईई’. आणि जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. सीईटीचा पेपर २०० मार्कांचा, त्यात एकट्या गणिताचे १००, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. पण परीक्षा बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या सत्रांत होते. एकाला पेपर सोपा येतो, दुसऱ्याला अवघड, म्हणून नुसते मार्क जुळवता येत नाहीत. ज्याच्या-त्याच्या सत्रातल्या पोरांमध्ये तो कुठं उभा आहे ते काढतात. ९१ म्हणजे शंभरातली सुमारे ९१ पोरं तिच्या मागं किंवा तिच्या बरोबरीला. मी गावात सगळ्यांना ९१ टक्के पडले म्हणून पेढे वाटले होते. पेढे काही चुकले नाहीत, पण त्या आकड्याचा अर्थ मला तिथं कळला.

आता दोन स्कोरांचं. राज्याच्या जागांची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा ऑल इंडियाच्या असतात, त्यांची यादी जेईई मेनवर वेगळी लागते आणि महाराष्ट्रातल्या पोरांनाही त्यात नंबर मिळतो. जेईईचा नंबर भरला म्हणून सीईटीचा नंबर एकानंही खाली सरकत नाही. नाही भरला, तर ऑल इंडियाच्या जेईईवाल्या यादीत आपलं नावच नाही. “७४ ला मोठं कॉलेज मिळंल असं मी म्हणत नाही,” दादा म्हणाला, “पण एक दार उघडं हाय. ते आपल्या हातानं कशाला लावायचं?”

ह्यांनी तो कागद उचलून दोनदा वाचला. मग लेकीला म्हणाले, “भर बाळा.” ती काही बोलली नाही, जेईईचं स्कोरकार्ड पिशवीतून काढलं. जानेवारी आणि एप्रिल अशा दोन्ही वेळा तिनं दिली होती. दोन्हींतला जो जास्त तोच धरतात, हेही दादानं सांगितलं. तिथं अर्ज क्रमांक टाकायचा असतो आणि बरीच पोरं घाईत रोल नंबर टाकतात, म्हणून तो आकडा त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

आमच्यासारख्यांना आणखी एक गोष्ट कामाची आहे, होम युनिव्हर्सिटी. बारावी जिथून झाली त्यावर ते ठरतं. माझ्या लेकीची बारावी लातूरची, म्हणून तिचं घर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. बहिणीच्या पोराची बारावी कळंबला, म्हणजे धाराशिव जिल्हा, त्याचं घर छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ. विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांत राज्याच्या ७० टक्के जागा घरच्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. मधे एक हद्द काय ती, पण दोन मावसभावंडांचा हिशोब वेगळा. पुण्यालाच जायचं म्हणून बसलेल्या पोरांच्या बापांनी हे आधी बघावं.

कागदपत्रांत आम्ही बऱ्यापैकी तयार होतो. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, बारावीला असतानाच कॉलेजातून प्रस्ताव देऊन काढली होती. नॉन क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं पाहिजे होतं, ते होतं म्हणून बरं. ज्यांच्याकडं नव्हतं त्यांची धावपळ मी त्याच खोलीत पाहिली. एक आजोबा नातीसाठी तहसीलच्या दोन चकरा मारून आले होते आणि धोतराच्या सोग्यानं घाम पुसत होते.

आता दुकानाच्या उणिवा. बसायला जागा नाही. आठ-दहा बायका जिन्यावर उभ्या होत्या, त्यातल्या एकीच्या कडेवर लेकरू. प्यायला पाणी ठेवलेलं नाही, खाली हॉटेलात जावं लागतं. दर लिहिलेले नाहीत, विचारावे लागतात. फॉर्मचे ३५० आणि प्रिंट-स्कॅनचे वेगळे. मला ते महाग वाटले नाहीत, पण भिंतीवर लिहिलेले असावेत. दुपारी लाइट गेली तेव्हा पाऊण तास सगळं ठप्प, इन्व्हर्टर नुसत्या पंख्यापुरता.

आणि एक चूक दादाच्याकडूनही झाली. आम्ही ई-स्क्रुटिनी निवडली होती, म्हणजे कागदं घरबसल्या तपासून होतात, केंद्रावर जावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. नॉन क्रिमीलेअरच्या स्कॅनमध्ये खालची ओळ कापली गेली होती, नेमकी मुदतीची. माझ्या मोबाइलवर मेसेज आला म्हणून लगेच कळलं. तालुक्यातल्या दुकानाचा नंबर असता तर कधी कळलं असतं कोण जाणे. मी फोन केला. त्यानं कारणं सांगितली नाहीत. “माझ्याकडून राहिलं काकू, मूळ कागद घेऊन या,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी आणि लेक गेलो, त्यानं पुन्हा स्कॅन करून तिच्याकडूनच लावून घेतलं, पैसे घेतले नाहीत. पण आमचा एक दिवस गेला, माझी एक रजा गेली. स्कॅन केल्यावर चारी कडा बघायचं कुणी सांगितलं असतं तर मीही बघितलं असतं. तुम्ही बघा.

कॉलेज कोणतं चांगलं हे हा माणूस सांगत नाही. काहींना राग येतो, मला ते बरं वाटलं. त्या दिवसांत माझ्या फोनवर रोज एक-दोन फोन यायचे, ‘थेट सीट देतो, कटऑफ बघू नका’ म्हणून. मी दादाला विचारलं. त्यानं फक्त एक गोष्ट लक्षात आणून दिली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ते कॅपमधून प्रवेश घेतला तरच, कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला नाही. हा एक हिशोब कळल्यावर मी ते फोन उचलणं बंद केलं. मुलीच्या आईबापांनो, ‘थेट सीट’वाल्याला हो म्हणण्याआधी हे वाक्य परत वाचा.

पर्याय भरायला तिसऱ्यांदा गेलो. २०२५ ला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तेच घ्यायचं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातलं आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं लागलं तरी तसंच. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून वरची नावं नुसत्या हौसेनं लिहायची नाहीत, मिळालं तर खरंच जाणार का हे घरात बोलून लिहायची. दादानं लेकीला घरून वहीत यादी करून आणायला सांगितलं होतं. तिनं गेल्या वर्षीचे कटऑफ बघून २६ नावं लिहून आणली, कोणत्या नंबरला काय हे ह्यांना रात्री बसवून समजावलं, आणि ह्यांनी या खेपेला मधे एकदाही तोंड घातलं नाही. दादानं नुसतं कॉलेजांचे कोड बरोबर आहेत का तेवढं ताडून पाहिलं.

तिचा नंबर दुसऱ्या फेरीत लागला, सीईटीवर, नांदेडला. जेईईच्या यादीतून काही मिळालं नाही. तरी तो स्कोर भरला याचं मला समाधान आहे, आणि तिलाही.

जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत पोचावं, पाण्याची बाटली न्यावी, मूळ कागद आणि मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावं. मूल नसेल तर दादा फॉर्म उघडत नाही, बाप कितीही घाईत असला तरी. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका बघूनच पैसे आणि पर्याय भरा.

आमच्या शेजारच्या घरातला पोरगा यंदा सीईटीला बसलाय. त्याची आई काल विचारत होती की जेईईला ६८ आलेत, लपवावेत का. दादानं दोन रेघा मारलेला तो कागद मी लेकीच्या फाइलमध्ये जपून ठेवलाय. तोच काढून तिच्या हातात दिला, आणि पोराला बोलावून तिच्या शेजारी बसवलं.