सेल्फ उचलत नाही: टेस्ट लॅम्प बरा की मल्टीमीटर?

जुन्या डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे ‘इग्निशनचा फॉल्ट’ म्हटलं की चावीचा स्विच, सोलेनॉइड (चावी फिरवली की सेल्फला बॅटरी जोडणारा स्विच), सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, बॅटरी आणि अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनाशी जोडणी) एवढ्यातच शोधायचं. टाटा ४०७ सारख्या १२ व्होल्टच्या गाड्या धरून बोलतोय. ढकलून चालू होते पण सेल्फवर नाही, अशा वेळी हातात काय असावं, व्होल्टचा आकडा दाखवणारा मल्टीमीटर की दोन वायरी लावलेला साधा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प?

बॅटरीच्या बाबतीत मीटरला तोड नाही. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी १२.६ दाखवते तेव्हा पूर्ण भरलेली असते, १२.२ ला निम्मी उतरलेली. बल्ब दोन्ही वेळा तसाच पेटतो. इंजिन चालू झाल्यावर १४ च्या आसपास आकडा आला नाही तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे बघायचं, हेही मीटरच सांगतो.

तरी माझं मन मीटरवरून लॅम्पकडे फिरलं ते एकाच गोष्टीने. डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्यामुळे वायर आतून कुजून एखादीच तार शिल्लक असली, तरी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. माझ्या ट्रकच्या सोलेनॉइडची ५० नंबरची, म्हणजे चावीकडून येणारी बारीक वायर काढून, चावी स्टार्टला धरून मीटर लावला तर १२.३. मेकॅनिक म्हणाला, सप्लाय येतोय, सेल्फ उतरवा. त्याच वायरीला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, तर आतली तार नुसती लालसर झाली, उजेड नाहीच. चावीच्या स्विचमधला कॉन्टॅक्ट जळून काळा पडला होता. सेल्फ धडधाकट. स्विच बदलला आणि गाडी सुरू.

मीटरनेही हे सापडतं, नाही असं नाही. वायर जोडलेली ठेवून, सेल्फ मारतानाच रीडिंग घ्यावं लागतं. अर्थिंगसाठी एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर धरायचं. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं, तर अर्थिंगची पट्टी खोलून घासायची. पण गाडीखाली उताणं पडून, तेलकट हातांनी दोन प्रोब धरून, पळते आकडे वाचायचे? ज्याला सवय आहे त्याला जमत असेल. मला तरी बल्ब सोपा जातो, मंद की लख्ख हे लगेच कळतं.

घरी गॅरेज असेल आणि बॅटरीवर कायम लक्ष ठेवायचं असेल तर मीटर जरूर घ्या. रस्त्यावरच्या गाडीत मात्र मी आधी लॅम्प टाकेन. २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन हात वायर आणि अर्थिंगला एक क्रोकोडाइल क्लिप, बास. तयार एलईडी टेस्टर घेऊ नका, तोही मीटरसारखाच फसतो. आणि ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाडीच्या वायरिंगला हा बल्ब लावू नका, तिथे मीटरच.