एसी खराब नव्हताच, हीटर चालू होता! (अक्कलकोट रोडच्या मेस्त्रींचा अनुभव)

सोलापुरात गाडीचा हीटर दुरुस्त करून आलो असं ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले, एकजण म्हणाला काय बे, मे महिन्यात हीटर? पण खरंच तेच झालंय म्हणून सविस्तर लिहितोय, कुणाचे तरी पैसे वाचतील.

गाडी जुनी छोटी हॅचबॅक, गोल नॉबवाली, निळ्यापासून लालपर्यंत फिरवायचा तो साधा प्रकार. मार्चपासून एसी थंडच करेना. पहिल्यांदा शहरातल्या एका चकाचक एसीवाल्याकडे गेलो, नाव घेत नाही, त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि गॅस कमी आहे म्हणाले, 1800 घेतले. आठ दिवसांनी तेच. परत गेलो तर आता कॉम्प्रेसर गेलाय, 17-18 हजार लागतील. आपल्याकडं एप्रिल-मेत पारा 42-43 ला जातो, आप्पांना दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडं न्यायचं असतं, त्यामुळं मी जवळजवळ हो म्हणणारच होतो, पण शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी अडवलं, म्हणाले आधी एमआयडीसीच्या अलीकडं एक मेस्त्री बसतात त्यांना दाखव मग कर काय करायचं ते.

पत्र्याचं शेड, बोर्ड नाही, बसायला टायर. मेस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी मला विचारलं, "मालक, सकाळी गाडी चालू केल्या-केल्या पहिली चार-पाच मिनिटं गार लागतंय का?" मी विचार केला, लागतं की! घरातून निघताना मस्त गार आणि आसरा चौक येईपर्यंत कोमट. "मग गॅस फुल हाय. तुमचा एसी गार करतोय आन् हीटर त्याला गरम करतोय."

मला काही कळलं नाही, मग त्यांनी गाडी चालू ठेवून माझाच हात धरून दाखवलं. एसीचा जाड ॲल्युमिनियमचा पाइप बर्फासारखा गार, वर पाण्याचे थेंब. आणि इंजिनातून डॅशबोर्डकडं जाणारे दोन काळे रबरी पाइप, हे हीटरचे, दोन्ही चटका बसेल इतके गरम. इंजिनचं गरम कुलंट (इंजिन गार ठेवायला फिरणारं पाणी) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरत असतं, त्याला हीटर कॉइल म्हणतात, आणि माझ्या गाडीत ते कायम फिरतं, नॉब निळ्यावर असला तरी. नॉब फक्त आतला एक फ्लॅप हलवतो, हवा त्या कॉइलवरून न्यायची का बाजूनं सोडायची एवढंच. सकाळी इंजिनच गार असतं म्हणून कॉइल गार, म्हणून पहिली पाच मिनिटं सुखाची!

खात्री करायला त्यांनी हीटरच्या एका पाइपवर चिंधी गुंडाळून ग्रिपनं दाबून धरला (पाइप जुना कडक झाला असेल तर हे करू नका, चिरतो म्हणाले). थोड्या वेळात जाळीतून हवा अशी गार यायला लागली की मी तिथंच शर्टाचं बटण उघडून बसलो.

मग टॉर्च घेऊन ते स्टिअरिंगच्या खाली आडवे झाले आणि मला नॉब फिरवायला लावला. केबलच्या बाहेरचं कव्हर ज्या प्लॅस्टिकच्या लॉकमध्ये बसतं तो तुटलेला, त्यामुळं नॉब फिरवला की फ्लॅपऐवजी सगळी केबलच सरकायची. तेव्हा आठवलं, जानेवारीत पहाटे पुण्याला निघालो होतो, भिगवणजवळ धुकं आणि आप्पा कुडकुडत होते म्हणून कित्येक वर्षांनी नॉब जोर लावून लालवर फिरवला, काहीतरी कट्ट झालं होतं. फ्लॅप तेव्हापासून तिकडंच अडकलेला आणि आम्हाला कळलं मार्चमध्ये.

त्यांनी दोन पर्याय दिले. दोन्ही रबरी पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बायपास, 150 रुपये, इथले बरेचजण तेच करून घेतात म्हणे. नाहीतर लॉक नीट बसवायचा, 600. मीपण आधी स्वस्तातलंच म्हणालो, तर तेच म्हणाले पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरली की एसी आणि थोडा हीटर मिळूनच ती लवकर जाते, आणि घाटात इंजिन तापायला लागलं तर हीटर फुल सोडून थोडी उष्णता काढता येते. 600 च दिले. लॉक बसवताना आधी नॉब पूर्ण निळ्यावर, फ्लॅप हातानं पूर्ण गार बाजूला, मगच केबल अडकवली, उलटं केलं तर फ्लॅप अर्धवट राहतो आणि परत तीच रडारड. फ्लॅपच्या खिट्टीला ग्रीस पण लावलं.

शेजारी एक ऑटो क्लायमेटवाली (आतलं तापमान आपोआप सांभाळणारी) गाडी उभी होती, तिच्यात फ्लॅप हलवायला केबल नसते, छोटी मोटर असते. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डमागून टकटक टकटक येत होतं, मोटरमधला प्लॅस्टिकचा गिअर झिजलाय म्हणाले. तुमच्या गाडीत असा आवाज असेल तर गॅसवाल्याकडं पळू नका.

आता तक्रारी. दहाला बोलावलं आणि हात लावला साडेबाराला. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर हसले, युपीआय मात्र चालतं. आणि खालचं पॅनल बसवताना एक स्क्रू कुठंतरी गेलाय, खड्डा आला की गुडघ्याजवळ कडकड वाजतं. साडेचार स्टार, अर्धा त्या स्क्रूचा कापला. परवा आप्पांना घेऊन त्याच बाजूला जायचंय, तेव्हा मागून घेतो.