'इव्होल्यूशन' : सात महिन्यांच्या श्रवणानंतर

ग्रेशन मंकर (तिसरे) हे नाव मला अनेक वर्षे केवळ जॅझ सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन यांच्या 'वन स्टेप बियाँड' या अल्बमवरील वादकांच्या यादीतून माहीत होते. या ट्रॉम्बोनवादकाचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम, 'इव्होल्यूशन', पुनर्प्रकाशित सीडीच्या रूपात हाती येऊन आता सात महिने झाले. पहिल्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता, तर तो बराच कोरडा झाला असता. त्या वेळी मला हे संगीत संथ आणि काहीसे अडखळणारे वाटले होते.

ट्रॉम्बोनची नळी मागेपुढे सरकते, म्हणून त्यावर मींड सहज निघते, आणि मीही कानात तीच अपेक्षा धरून बसलो होतो. मंकर ती फार क्वचित घेतात. एक छोटा स्वरसमूह मांडायचा, थांबायचे, आणि तोच किंचित बदलून पुन्हा मांडायचा, अशी त्यांची रीत आहे. हे थांबणे म्हणजे सुचेनासे झाल्याची खूण नसून रचनेचाच भाग आहे, हे उमगायला मला दोन महिने लागले. चारही रचना त्यांच्याच आहेत हे लक्षात घेतले, की वादक आणि रचनाकार यांना वेगळे काढता येत नाही.

ध्वनिमुद्रण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी न्यू जर्सीतील एंगलवूड क्लिफ्स येथे, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत, ब्लू नोट या जॅझ ध्वनिमुद्रण कंपनीसाठी झाले. ताफ्यात पियानो नाही. ती जागा बॉबी हचरसन यांच्या व्हायब्राफोनने, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायच्या वाद्याने, घेतली आहे, आणि माझ्या मते या अल्बमचा सगळा स्वभाव त्या एका निवडीतून घडला आहे. पियानोने भरून टाकली असती ती पोकळी इथे उघडी राहते, आणि धातूच्या पट्टीवरचा स्वर विरेपर्यंत ऐकू येतो. 'एअर रेड'मध्ये गूढ, संथ भागातून एकाएकी द्रुत लयीत जाताना ताल सांभाळणारे टोनी विल्यम्स तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते! बास बॉब क्रॅनशॉ यांचा आहे. माझ्या लहान स्पीकरवर तो हरवत असे, म्हणून चौथ्या महिन्यापासून मी हा अल्बम हेडफोनवरच ऐकतो.

सर्वाधिक वेळा ऐकली ती शीर्षकरचना. सुषिर वाद्यांचे लांब धरलेले स्वर, त्यांखाली जवळजवळ न हलणारी लय, आणि त्यातून एकेक वादक पुढे येतो. ट्रम्पेटवादक ली मॉर्गन यांच्याविषयी मला शंका होती, कारण माझ्या मनात ते ठसकेबाज, नाचऱ्या लयीचे वादक होते. बरोबर एक महिन्याने, २१ डिसेंबरला, त्यांनी 'द साइडवाइंडर' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला, ज्याने त्यांना मोठी लोकप्रियता दिली. तेच मॉर्गन इथे इतके जपून, शोधत वाजवतात की त्यांचे बाकीचे वादनही मी पुन्हा नव्याने ऐकू लागलो. 'द कोस्टर' मला अजूनही इतर तिन्हींपेक्षा सामान्य वाटते. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांना स्मरणारी 'मंक इन वंडरलँड' मात्र दर ऐकण्यात अधिक खेळकर होत जाते.

ब्लू नोटसाठी १९६४ मध्ये मंकर यांनी पियानोवादक हर्बी हॅनकॉक आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांच्यासह 'सम अदर स्टफ' हा अल्बम केला. त्या कंपनीसाठी त्यांच्या नावावर पुढे काही निघाले नाही. ३ जून २०२२ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले. इतक्या समर्थ रचनाकाराकडे ऐन उमेदीच्या वर्षांत पुरेसे लक्ष गेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नव्याने ऐकणाऱ्यांनी सुरुवात 'एअर रेड'पासून करावी, आणि शीर्षकरचना रात्री, घर शांत झाल्यावर, मधे न थांबवता ऐकावी.