बोरिवलीचं जंगल की ठाण्याची खाडी?

दोन्ही वनविभागाकडेच, पण राखायची तऱ्हा निराळी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सुमारे 104 चौरस किलोमीटरमध्ये, कॅमेऱ्यात टिपलेल्या अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखतात. शेजारच्या वस्त्यांना मात्र कचरा साठवू नका म्हणून सांगत राहावं लागतं, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

खाडीसाठी 2012 पासून वनविभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आहे. 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. तरी मला काळजी खाडीचीच जास्त. ओहोटीला उघडा पडणारा चिखल लोकांना पडीक वाटतो, आणि रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) खाणं नेमकं त्यातच असतं. एकच रविवार मोकळा असेल तर हिवाळ्यात ऐरोलीला खाडीतल्या बोटफेरीला जा. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आधी विचारून निघा.