‘असे झाले असते तर?’ या प्रश्नाला शिस्त लावणारा पट : ‘ट्वायलाइट स्ट्रगल’

आमच्या घरी झालेल्या ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ या शीतयुद्धावरील पटखेळाच्या तिसऱ्या डावात माझ्या भाच्याने सोव्हिएत संघाच्या बाजूने पहिल्याच खेळीत इराणमध्ये सत्तापालट घडवून आणला आणि पुढचा तासभर मी अमेरिकेच्या बाजूने पाकिस्तानात पोहोचण्याची वाट शोधत राहिलो. या पटावर एखाद्या देशात प्रभाव वाढवायचा असेल, तर त्या देशात किंवा त्याच्या शेजारी आपले काहीतरी आधीपासून असावे लागते. दक्षिण आशियाच्या पश्चिम दारापाशी अमेरिकेचा प्रभाव दाखवणारा एकच ठोकळा असतो, तो इराणमध्ये; तो उचलला गेला की इस्रायलपासून सुरू होणारा लांबचा वळसा तेवढा उरतो. त्या संध्याकाळी मी इतिहासाचे एक जुने पुस्तक पुन्हा काढून १९४६ सालच्या इराणविषयीची पाने वाचली. एखाद्या खेळाने असे करायला लावावे, एवढ्या एका कारणासाठीही मी त्याची शिफारस केली असती.

‘ट्वायलाइट स्ट्रगल’ हा दोघांनी खेळायचा पटखेळ आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी रचला आणि जीएमटी गेम्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २००५ साली तो प्रसिद्ध केला. शीर्षकातील शब्द जॉन केनेडी यांच्या २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीच्या भाषणातून घेतलेले आहेत. एक खेळाडू अमेरिका आणि दुसरा सोव्हिएत संघ होतो. १९४५ ते १९८९ हा काळ १० फेऱ्यांत विभागलेला आहे. आणि एका डावाला आम्हाला अडीच ते तीन तास लागतात. माझ्याकडील सुधारित आवृत्तीतील पट जाड पुठ्ठ्याचा आहे व पत्ते टिकाऊ आहेत. पत्त्यांवरचा मजकूर मात्र इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असल्यामुळे चांगल्या उजेडात बसावे लागते.

खेळाचा प्राण पत्त्यांत आहे. बहुतेक पत्त्यांवर एक ऐतिहासिक घटना आणि १ ते ४ यांपैकी एक अंक असतो. पत्ता टाकताना घटना घडवायची की त्या अंकाइतकी शक्ती पटावर वापरायची, हे ठरवावे लागते. आपल्या हातात प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याची घटना आली असेल, तर शक्ती आपण वापरली तरी ती घटना घडतेच. सोव्हिएत खेळाडूच्या हाती मार्शल योजनेचा, म्हणजे महायुद्धानंतर पश्चिम युरोपला दिलेल्या अमेरिकी मदतीचा, पत्ता आला म्हणजे ती टाळता येईलच असे नाही. ती कधी घडू द्यायची आणि तिचा परिणाम कसा सावरायचा, एवढेच बहुधा त्याच्या हाती राहते. (अंतराळ स्पर्धेत असा एखादा पत्ता खपवून घटना तात्पुरती टाळता येते, पण ती सोय एका फेरीत साधारणपणे एकदाच मिळते.) पर्यायी इतिहासाविषयी गप्पा मारताना आपण बहुधा एखाद्या नेत्याला सर्वशक्तिमान मानतो आणि ‘त्याने अमुक केले असते तर’ एवढ्यावर सगळी इमारत उभी करतो. नेत्याच्या हाती नको असलेले पत्तेही असतात आणि तेही त्यालाच टाकावे लागतात, हे या खेळाने मला जितके स्पष्ट दाखवले, तितके वर्षानुवर्षांच्या वाचनानेही दाखवले नव्हते.

दुसरी गोष्ट किमतीची. महत्त्वाच्या देशात सत्तापालटाचा प्रयत्न केला की अणुयुद्धाच्या धोक्याचा मापक एका पायरीने खाली येतो (अंक जितका लहान, तितका धोका मोठा). तो ५ वरून ४ वर आला की युरोपात सत्तापालट करता येत नाही, ३ वर आशियात आणि २ वर मध्यपूर्वेतही नाही. १ वर आला की ज्याची खेळी चालू आहे तो हरतो, मग त्याला कारण झालेली घटना प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याची का असेना. म्हणजे भाच्याने इराण घेतला तेव्हाच त्या फेरीपुरता इटलीवरचा हक्क त्याने सोडला होता. क्यूबातील क्षेपणास्त्रांच्या पेचाचा पत्ता हा या रचनेतील सर्वांत सुंदर भाग आहे. तो पडल्यावर प्रतिस्पर्ध्याने कोठेही सत्तापालटाचा प्रयत्न केला तर तो तिथेच हरतो. ही कोंडी फोडायची असेल तर सोव्हिएत खेळाडूने क्यूबातून, किंवा अमेरिकी खेळाडूने पश्चिम जर्मनी अथवा तुर्कस्तानातून, आपले दोन ठोकळे काढून घ्यायचे. ऑक्टोबर १९६२ मध्ये केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात तुर्कस्तानातील अमेरिकेच्या ज्युपिटर क्षेपणास्त्रांबाबत जी गुप्त तडजोड झाली, ती एका ओळीच्या नियमात बसवली आहे.

आता पुन्हा इराणकडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये इराणमध्ये सैन्य उतरवले होते आणि माघारीची मुदत २ मार्च १९४६ ही होती. ती उलटल्यावरही सोव्हिएत सैन्य उत्तर इराणमध्ये राहिले आणि मे महिन्यात परतले. ते परतलेच नसते तर? १९५५ च्या बगदाद करारात, म्हणजे पाश्चात्त्य गटाच्या बाजूच्या लष्करी करारात, इराण नसता. मग १९५४ पासून अमेरिकेशी लष्करी करारांनी बांधला गेलेला पाकिस्तान तसाच बांधला गेला असता का, हा पुढचा प्रश्न. तो बांधला गेला नसता, तर पेशावरजवळचा तळ अमेरिकेला मिळाला नसता आणि १ मे १९६० रोजी यू-२ हे टेहळणी विमान तेथून उडाले नसते. ते सोव्हिएत हद्दीत पाडले गेल्यामुळे त्याच महिन्यात पॅरिसची शिखर परिषद कोसळली. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ आसल उत्तर येथे भारतीय सैन्याने नष्ट केलेले पॅटन रणगाडेही याच अमेरिकी मदतीतून आलेले होते. साखळी मोहक आहे, पण तिची प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा कच्ची आहे, कारण तेहरान गमावलेल्या अमेरिकेने कराचीला अधिक घट्ट धरले असते, असाही तितकाच सबळ तर्क मांडता येतो.

नेमक्या याच ठिकाणी खेळ तोकडा पडतो. त्या डावात पाकिस्तान शेवटपर्यंत भाच्याच्या ताब्यात होता आणि तरीही सहाव्या फेरीत यू-२ चा पत्ता निघाला व सोव्हिएत बाजूला गुण देऊन गेला. भाचा लगेच म्हणाला, “मामा, पेशावर माझ्याकडे असताना हे विमान उडाले कुठून?” या प्रश्नाला पटाकडे उत्तर नाही. काही पत्ते एकमेकांत गुंफलेले आहेत: मार्शल योजना किंवा वॉर्सा करार झाल्याशिवाय नाटोची घटना घडत नाही, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निवडीशिवाय पोलंडमधील सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहत नाही. बहुतेक घटना मात्र पटावर काय चालले आहे याची दखल न घेता येतात. त्यामुळे शेवट बदलतो, मधल्या घटना खऱ्या इतिहासातल्याच राहतात, आणि पर्यायी इतिहासाचा गंभीर अभ्यास करणाऱ्याला ही उणीव सतत टोचत राहील.

माझा मोठा आक्षेप भारताविषयी आहे. भारत हा येथे कुणीतरी ताब्यात घ्यायचा एक चौकोन आहे. त्याला स्वतःची इच्छा नाही. एप्रिल १९५५ मधील आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद किंवा सप्टेंबर १९६१ मधील बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद यांना खेळात स्थान नाही. वसाहतींच्या स्वातंत्र्याचा पत्ता आहे, पण तो सोव्हिएत बाजूचा. तो टाकला की आफ्रिका आणि आग्नेय आशियातील चार देशांत सोव्हिएत प्रभाव वाढतो, जणू त्या देशांनी स्वातंत्र्य मॉस्कोसाठीच मिळवले. चीन हा पटावरचा देश नसून हातोहात फिरणारा पत्ता असल्यामुळे, क्यूबाचा पेच ऐन भरात असताना २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झालेले भारत-चीन युद्ध या जगात घडूच शकत नाही. त्या युद्धामुळे यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस जावे लागले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे शब्द मराठी माणसाच्या ओठांवर रुळले. ते वर्ष ज्यांच्या घरात आजही आठवले जाते, त्यांना ही पोकळी जाणवल्यावाचून राहणार नाही. रचनाकारांनी आपल्या टिपणात प्रांजळपणे मान्य केले आहे की शीतयुद्धातील समजुती, अगदी चुकीच्या ठरलेल्यासुद्धा, त्यांनी खेळापुरत्या खऱ्या धरल्या आहेत. मला ही कबुली मोलाची वाटते. पण नियमपुस्तिकेतले असे टिपण वाचणारे खेळाडू थोडे, म्हणून घरातल्या मोठ्यांनी ते मुलांना डावाआधी वाचून दाखवावे.

पहिले दोन डाव नियम शोधण्यात जातील. पत्त्यांची ओळख असलेला खेळाडू नवख्याला सहज हरवतो, त्यामुळे जोडीदार शक्यतो आपल्याइतकाच नवा असावा. जोडीदारच मिळत नसेल, तर संगणकावर आणि मोबाइलवर खेळता येणारी आवृत्तीही उपलब्ध आहे. तिच्यात नियम मोडण्याची भीती राहत नाही, पण डाव थांबवून वाद घालण्याचा आनंदही राहत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पुढच्या, वाचनाची आवड असलेल्या कुणालाही हा खेळ मी बिनदिक्कत भेट देईन. आम्ही एक वही ठेवली आहे. डाव संपला की खऱ्या इतिहासापासून तो प्रथम कोठे वेगळा झाला, ते एका वाक्यात लिहायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत त्या एका वळणाविषयी दोघांनीही वाचून यायचे. सध्या तिच्यातील शेवटची नोंद १८ एप्रिल १९४८ च्या इटलीतील निवडणुकीची आहे. डे गास्पेरी यांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाऐवजी डावी आघाडी जिंकली असती, तर तिने मार्शल योजनेची मदत नाकारली असती, असे भाच्याचे मत आहे. माझे मत तसे नाही, आणि रविवारला अजून चार दिवस आहेत.