उंदरांचा प्लस मेझ मागवणार असाल तर आधी स्क्रू बघा

आमच्या सोलापूरच्या फार्मसी कॉलेजच्या लॅबला एलिव्हेटेड प्लस मेझ घेतला, वर्षभर वापरून झालाय म्हणून लिहितेय. अधिकच्या चिन्हासारख्या चार फळ्या, जमिनीपासून 50 सेंमी उंच, प्रत्येक 50 लांब नि 10 रुंद, दोघींना 40 सेंमीच्या भिंती आणि दोन उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा, 5 मिनिटं बघायचं. साधा उंदीर आडोसा धरतो, डायझेपाम (चिंता कमी करणारं औषध) दिलेला उघड्या फळीवर जास्त फिरतो. 1985 पासून ही टेस्ट चिंता कमी करणाऱ्या औषधांसाठी चालतेय.

मापं चोख आलीत, काळा मॅट रंग छान, पांढरा उंदीर कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतो, दर उंदरानंतर अल्कोहोलनं पुसूनही रंग गेला नाही.

पण मधला जोड! पहिल्याच बॅचला कंट्रोल ग्रुपमधला, म्हणजे औषध न दिलेला, उंदीर मागचे पाय आत ठेवून लांब ताणला, मिशा थरथरत होत्या, पुढचा एक पाय उघड्या फळीवर टेकवला आणि झटकन मागं, मग पाचही मिनिटं कोपऱ्यात. डायझेपामवालेही तसेच. आम्ही डोसवर शंका घेतली, पाण्यात विरघळत नाही ना ते, सस्पेन्शन नीट हललं नसेल म्हणून दोन दिवस त्यातच गेले, शेवटी मी बोटानं फळी दाबली तर ती हलली की हो. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे मॅडम, उंदराचं वजन ते किती. अहो 200 ग्रॅमच्या जीवाला ती हालचाल पुरेशी आहे, आणि तोच उंदीर परत वापरता येत नाही, एकदा मेझ बघितलेल्यावर दुसऱ्यांदा डायझेपामचा परिणाम नीट दिसत नाही. एथिक्स कमिटीकडून एकेक उंदीर मोजून मंजूर करून घेतो आपण, ढिल्या स्क्रूपायी ते वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी इथल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून खाली लोखंडी अँगल मारून घेतला, उघड्या फळ्यांना अर्ध्या सेंमीची कड लावली, एक उंदीर घसरला होता म्हणून खाली घडी घातलेली चादर अंथरतो. तेव्हापासून रीडिंग एकदम सरळ. शेजारच्या यंत्रमागांची खटखट चालू असली की मात्र उंदीर दबकून बसतात, म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळीच घेतो.

अजून एक, विक्रेता म्हणाला एवढा मेझ पुरे. नाही पुरत. आमच्या एका मुलीचा जास्त डोसवाला उंदीर गप्प बसलेला, ती खुश, मॅडम शांत झाला बघा. मी क्लोज्ड आर्मच्या एन्ट्री, म्हणजे भिंतीवाल्या फळ्यांत तो किती वेळा शिरला ते, मोजायला लावल्या, त्याही घटलेल्या, म्हणजे भीती गेली असं म्हणता येत नाही, गुंगी आली असणार. सोबत उंदराची हालचाल मोजणारा अ‍ॅक्टोफोटोमीटर पाहिजेच, फिरत्या दांड्यावर त्याचा तोल बघायचा रोटारॉड असला तर उत्तम.

पाचपैकी तीन स्टार. ऑर्डर देताना अँगल आणि कड लिहून घ्या, माल आला की पैसे द्यायच्या आधी चारही फळ्या बोटानं दाबून बघा.